गावकीच्या नारळावरचा हात

ज्या वर्षी नीराबाईच्या दिशाचं लग्न झालं आणि ती काशीदला नांदायला गेली, त्याच वर्षी उंडीबंदरच्या गावकीत पहिल्यांदा मतपेटी आली. ते साल दोन हजार बावीस. लग्न वैशाखात झालं, आणि मतदान पावसात, होड्या ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या असताना. त्यामुळे कोळीवाड्यात आजही कुणी त्या मतदानाची गोष्ट काढली, की 'दिशाच्या लग्नाचं वरीस' असंच म्हणतात.

त्याआधी उंडीबंदरात मत द्यायचं ते आमदार-खासदाराला आणि सरपंचाला. गावकीत मत नसायचं. गावकीत नारळ असायचा.

ती रीत अशी. गावदेवीच्या देवळापुढच्या मंडपात घरटी एक पुरुष जमायचा. मधोमध पाटावर तांदळाची रास आणि त्या राशीवर नारळ. होड्या कधी सोडायच्या, एकाचं जाळं दुसऱ्यानं फाडलं तर भरपाई कशी व्हायची, देवळाची कौलं कधी चाळायची, सगळं त्या नारळासमोर ठरायचं. ज्याला पटत नसेल त्यानं पुढं यायचं आणि नारळावर हात ठेवायचा. हात असेपर्यंत निर्णय नाही. बैठक उठायची नाही आणि होडी पाण्यात जायची नाही. मग बाकीच्यांनी त्याला समजवायचं, शिव्या द्यायच्या, चहा पाजायचा, त्याचंही थोडं ऐकायचं. त्यानं आपल्या मनानं हात उचलला, की पाटील नारळ फोडून खोबरं वाटायचा. खोबरं खाल्लेल्या माणसानं त्या निर्णयावर पुन्हा तोंड उघडायचं नाही. दुसऱ्याचा हात नारळावरून काढावा, हे मात्र कुणाच्या डोक्यातही येत नसे. माणूस जेवत असताना त्याच्या ताटातला घास कुणी काढून घेत नाही, तसंच ते.

पाटील होते गुणाजी. त्यांचे वडील पाटील, आजे पाटील. उंच, वाळकं अंग, कमरेला रुमाल आणि डोक्याला लाल टोपी. बैठकीत सगळ्यांचं बोलून झाल्याशिवाय ते बोलायचे नाहीत. कधीकधी तर शेवटीही बोलायचे नाहीत, नुसता नारळ उचलायचे.

नीराबाईच्या मनात त्या नारळाबद्दल जुना राग होता. तिचा नवरा रतन भर तारुण्यात गेला. छातीत कळ आली आणि होडीवरच आडवा झाला. होडी त्याची आणि त्याच्या चुलतभावाची अर्धी-अर्धी. पुढं होडीचं काय करायचं, हे गावकीनं ठरवलं. बाई समुद्रावर जाणार कशी, म्हणून होडी चुलतभावाला आणि नीराबाईला रोजच्या मासळीतला वाटा. ती मंडपाबाहेर उभी राहून ओरडत होती, की मी तांडेल ठेवीन, होडी चालवीन, पण माझा अर्धा भाग माझ्या नावावर राहू द्या. शेवटी ती आत शिरायला निघाली तेव्हा गुणाजी उठून दारात आले.

"बायकांचा हात गावकीच्या नारळाला लागत न्हाय, रतनची," ते म्हणाले. रागानं नाही, आवाज न चढवता. पाऊस पडतोय असं सांगावं तसं.

आणि आत जाऊन त्यांनी नारळ फोडला. चुलतभावाकडून मासळीचा वाटा एक हंगाम आला, मग थांबला.

पुढं नीराबाईनं पोट भरलं ते खळ्यावर. खळं म्हणजे बंदराच्या उत्तरेला, सुरूच्या झाडांपलीकडं, मासळी सुकवायची मोकळी जागा. खाली सारवलेल्या जमिनीवर जवळा पसरायचा आणि वर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील टांगायचे. खळं सगळं बायकांचं. पुरुषांची गावकी तिथल्या कामात कधी पडली नाही आणि तिथं पाटीलही नव्हता. दर दसऱ्याला ओळी सरकायच्या. यंदा वाऱ्याकडची चांगली जागा जिची, ती पुढल्या वर्षी झाडांच्या सावलीत, आणि सावलीतली वाऱ्याकडं. भांडणं व्हायची, झिंज्याही धरल्या जायच्या, पण ओळी सरकल्या नाहीत असं एकही वर्ष गेलं नाही. ही रीत कुणी घातली ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

याच खळ्यावर नीराबाईनं दोन पोरं वाढवली. एक आपली दिशा आणि दुसरा विनेश, तिच्या मेलेल्या भावाचा मुलगा. विनेश शिकला, मांडव्याला बोटींच्या जेट्टीवर कामाला लागला, मुंबईच्या पाहुण्यांना चढवता-उतरवता चार मोठ्या माणसांच्या ओळखी करून आला. पांढरा शर्ट, दोन फोन, आणि बोलणं असं, की ऐकणाऱ्याला वाटावं आपलं काम झालंच.

दिशाच्या लग्नाचा मांडव उतरला त्याच आठवड्यात तो आत्याजवळ येऊन बसला.

"आत्ये, गावकीला आता रजिस्टर मंडळ करू. निवडणूक लावू. अठराच्या वरचा प्रत्येक माणूस मत देणार. बाई असो, बुवा असो."

"पाटील ऐकतील?"

"पाटलाला कोण विचारतंय? वकिलाशी बोललोय मी." तो हसला. "तुझा हात नारळाला लागत न्हाय ना? पेटीला लागंल. बघ तू."

नीराबाई त्या दिवशी बोंबील टांगता टांगता दोनदा चुकली. जबड्यात जबडा अडकवून जोडी टांगायची असते, तिनं तीन-तीन अडकवले.

दुसऱ्या दिवशी खळ्यावर तीच चर्चा. भागुबाई म्हणजे नीराबाईच्या बरोबरीची, तोंडाळ आणि मनानं मोकळी. ती म्हणाली, "पाटलाच्या बैठकीचं कवतिक मला नको सांगू. माझ्या लग्नात बैठक बसली ती माझं पहिलं पोर रांगायला लागलं तरी उठली न्हवती."

"काय पण सांगतंस गो!" गोदू खिदळली. गोदू सगळ्यांत तरुण, नवऱ्याबरोबर बाजारात टेम्पो घेऊन जायची.

"खोटं न्हाय. त्या काळूरामनं हात ठेवला होता. का, तर जावयाला होडीवर घेतलं न्हाय म्हणून. एकटा काळूराम, आणि सगळं बंदर कोरडं. ह्येला काय राज्य म्हणतात?"

"पण काळूरामाचं शेवटी ऐकलं तरी ना?" एक म्हातारी पलीकडून म्हणाली. "मतपेटीत काळूराम एकटा पडला असता नि बोंबलत घरी गेला असता."

"एकटा हाय तो पडूच दे की," नीराबाई म्हणाली. "आपण किती जणी हाव? मोजा. पुरुषांपेक्षा चार जास्तीच. आजवर त्या मंडपात आपल्यातली एक तरी बसली? पाटलाचं राज्य म्हणजे पुरुषांनी पुरुषांचं ऐकायचं. आता आपलं ऐकतील."

"आपलं, का तुझ्या विन्याचं?" भागुबाईनं डोळा मिचकावला.

"विन्या काय परका हाय? ह्याच खळ्यावर हगलाय तो."

सगळ्या हसल्या. घरोघरी जाऊन पेटीबद्दल सांगायचं काम नीराबाईनंच केलं. ज्या म्हाताऱ्यांना चिन्ह कळत नव्हतं त्यांना वाळूत बोटानं काढून दाखवलं. विनेशचं चिन्ह होडी होतं. गुणाजींना दोघा-तिघांनी उभं राहायला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मत मागायला दारोदार जाऊ? सगळ्यांच्या दारात मी बारशा-मयताला गेलोय. आता त्याच दारात जाऊन काय मागू?" नीराबाईला हा माज वाटला. विनेश अध्यक्ष झाला. मत देऊन बाहेर पडल्यावर नीराबाईनं बोटावरची शाई दिवसभर धुतली नाही, पदर घेतानाही ते बोट वर धरायची.

आणि खरं सांगायचं, तर सुरुवातीला विनेशचं राज्य चांगलं चाललं. बंदरावर दिवे आले. बर्फ फोडायचं यंत्र आलं. बाहेरच्या एका मोठ्या ट्रॉलरनं रात्रीत चार घरांची जाळी फाडून नेली, तर विनेशनं दोन फोन केले आणि हंगाम संपायच्या आत नवी जाळी आली. नारळासमोर हे झालं असतं का? आधी ट्रॉलर कुणाचा यावरच आठवडा गेला असता. गुणाजी ओटीवर बसून बघायचे. त्यांच्याकडं कुणी विचारायला जात नव्हतं, आणि तेही कुणाला बोलवत नव्हते.

फरक होता तो बोलण्यात. गुणाजी सगळ्यांचं झाल्यावर बोलायचे. विनेश सगळ्यांच्या आधी बोलायचा, आणि बोलून झालं की विचारायचा, "कुणाला काही बोलायचंय?" त्या वेळी लोकांना हा फरक आवडला. वेळ वाचत होता.

दुसऱ्या वर्षी शिमगा झाल्यावर त्यानं सभा बोलावली. याच मंडपात, पण खुर्च्या टाकून, माईक लावून. बायका पुढच्या रांगेत.

"कामं खूप हायत," तो म्हणाला. "प्रत्येक सहीला सभा घ्यायची म्हटली तर साहेब लोक दुसऱ्या गावाला निघून जातात. म्हणून एक साधा ठराव. गावकीच्या वतीनं सगळे निर्णय घ्यायचे सर्वाधिकार अध्यक्षांना देण्यात यावेत. सूचक कोण?"

नीराबाई उठून उभी राहिली. तिला कुणी शिकवलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. ज्या पोराला आपण भाताची पेज पाजली, तो आपल्या गावचे दिवे लावतोय, एवढंच तिच्या मनात होतं. "मी सूचक," ती म्हणाली, आणि तिचा आवाज माईकशिवाय मागपर्यंत गेला.

"विरोधात कोण? हात वर करा."

मागून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. गुणाजी येत होते. हातात नारळ. ते पुढं आले, माईकच्या टेबलापुढं खाली मांडी घालून बसले, नारळ फरशीवर ठेवला आणि त्यावर उजवा हात ठेवला. बोलले काहीच नाहीत.

मग मागची पोरं हसली.

"पाटीलबावा," विनेश माईकवरून म्हणाला, "हात आता वर करायचा असतो. खाली न्हाय."

सगळा मंडप हसला. गुणाजी हलले नाहीत. हसणं ओसरलं आणि लोकांना कसंनुसं व्हायला लागलं. जुनी माणसं एकमेकांकडं बघू लागली. हात नारळावर आहे, आता उठायचं कसं? काळूराम खुर्चीतून अर्धा उठला आणि पुन्हा बसला. विनेशला काय करावं ते सुचेना. त्यानं आत्याकडं बघितलं.

नीराबाई पुढं गेली. आपण काय करतोय हे तिला पक्कं कळत होतं. किती वर्षं ती या क्षणाची वाट बघत होती, ते तिलाच तेव्हा कळलं.

"बायकांचा हात लागत न्हाय ना गावकीच्या नारळाला?" ती म्हणाली. "लागला बघा."

तिनं गुणाजींचं मनगट धरलं आणि हात नारळावरून उचलून बाजूला ठेवला. हात सुकलेल्या बोंबलासारखा हलका होता. त्यांनी जोर लावला नाही. नुसतं तिच्या तोंडाकडं बघितलं.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. नीराबाईनं नारळ मंडपाच्या पायरीवर आपटून फोडला आणि पदरात खोबरं घेऊन स्वतः वाटत फिरली. सगळ्यांनी खाल्लं. गुणाजींपुढं तिनं तुकडा धरला तेव्हा त्यांनी मान हलवली, उठले आणि घरी गेले.

दिवाळी झाली. बोंबलाचा हंगाम तेजीत होता, वलांड्या भरलेल्या होत्या. एका सकाळी नीराबाई टोपली घेऊन खळ्यावर गेली तर सुरूच्या झाडांत पिवळा जेसीबी उभा. चार माणसं चुना टाकून रेघा मारत होती. रेघ तिच्या सारवलेल्या जमिनीवरून गेली होती.

"काय करताय ओ?"

"पार्किंग होणार हाय, मावशी. पुढं वॉटर स्पोर्टची जेट्टी."

"कुणी सांगितलं?"

"गावकीची ना हरकत हाय की. अध्यक्षांनी दिलीय."

ती टोपली तिथंच टाकून विनेशच्या घरी गेली. तो चहा पीत होता. तिला बघून उठला, खुर्ची पुढं केली, बायकोला चहा सांगितला.

"विन्या, खळ्यावर चुना टाकतायत."

"व्हय आत्ये. सांगणारच होतो तुला."

"कवा? जेसीबी माझ्या वलांडीवर चढल्यावर?"

"शांत हो. ऐक माझं. काशीदला बघ, दिशाच्या सासरी. शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. ते पाहुणे आपल्याकडं का येत न्हाईत? गाडी लावायला जागा न्हाय म्हणून. सुकी मासळी अजून किती दिवस विकणार तू? वासानं मांडव्याची माणसं नाक धरतात. खळ्यावरच्या प्रत्येकीला मी स्टॉल देणार हाय. फर्स्ट क्लास, पत्र्याचा. तुझा सगळ्यांत पुढं."

"मला स्टॉल नको. मला खळं पाहिजे. सभा बोलाव."

"सभा कशाला? सर्वाधिकार हायत ना." त्यानं हे अगदी सहज म्हटलं. मग तिचं तोंड बघून त्याचा आवाज खाली आला. "आत्ये, ठराव तूच मांडलास. मी सांगितलं होतं काय तुला उठायला? आणि खोबरंही तूच वाटलंस. खोबरं खाल्ल्यावर बोलायचं न्हाय, ही रीत माझी न्हाय. तुमचीच हाय."

"नारळाचा जमाना गेला म्हणणारा तू. आता नारळाची रीत सांगतोस?"

"मी दोन्ही मानतो," विनेश म्हणाला. "जी कामाला येईल ती."

चहा आला तो तसाच राहिला. परत येताना नीराबाईच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. रतनची होडी गेली तेव्हा तिला निदान माहीत होतं की ती मंडपाबाहेर आहे. आता ती आत होती, पुढच्या रांगेत होती, सूचक होती. आणि होडी गेल्यावर उरलेलं एकमेव खळं, तेही गेलं.

ती बायकांकडं गेली. गोदूनं सरळ सांगितलं, "काकू, मी स्टॉलला हो म्हटलंय. आमचा टेम्पोचा हप्ता चाललाय. मला नको यात ओढू."

भागुबाई जवळा चाळत होती. तिनं चाळणी खाली ठेवली नाही.

"भागे, तू तरी बोल."

"काय बोलू? आपण खाल्लं ना खोबरं."

"तू कवापासून रीत पाळायला लागलीस?"

भागुबाई चाळणी जोरात हलवत राहिली. मग म्हणाली, "विनेश माझ्याकडं येऊन गेला. माझ्या पोराला जेट्टीवर लावणार हाय."

"कवा येऊन गेला?"

"दसऱ्याच्या आधी."

म्हणजे दसऱ्याला ओळी सरकवताना भागुबाईला ठाऊक होतं. त्या दिवशी तिनं नीराबाईला वाऱ्याकडची जागा हसत हसत दिली होती. घे गो, यंदा तुझी मजा. पुरुषांच्या गावकीनं दगा दिला तेव्हा ती ओरडली होती. विनेशशी ती भांडली होती. इथं मात्र ती वळली आणि चालू लागली.

तिसऱ्या प्रहरी ती गुणाजींच्या ओटीवर गेली. पावसाळ्यापासून त्यांना दम लागत होता. उशीला टेकून ते बसले होते, लाल टोपी खुंटीला.

"पाटीलबावा, तुम्ही त्या दिवशी खोबरं खाल्लं न्हाय," नीराबाई म्हणाली. "सगळ्या गावात तुम्ही एकटे. रीतीनं तुम्हालाच बोलता येतं. नारळ मांडा. हात ठेवा. मी सगळ्यांना बोलावून आणते."

गुणाजींनी समुद्राकडं बघितलं.

"बोलता येईल," ते म्हणाले. "हात ठेवताही येईल. पण तो तिथं राहील कशानं? माझ्या हातात कधीच बळ न्हवतं. काळूरामच्याही न्हवतं. दुसरा काढणार न्हाय, एवढंच बळ होतं. काढता येतो, हे आता पोरासोरांनी बघितलंय."

"मी दाखवलं."

"तू दाखवलंस."

नीराबाईला राग आला. या माणसापुढं मान खाली घालायची तिची तयारी नव्हती, आजही नाही.

"माझी होडी गेली त्या दिवशी मी बाहेर ओरडत होते. तुम्हाला ऐकू येत होतं?"

"येत होतं."

"मग?"

"मग नारळ फोडला."

ओटीखाली कोंबडी माती उकरत होती.

"बाहेर ठेवलेलं माणूस एक दिवस आत येतंच," नीराबाई म्हणाली. "रागावूनच येतं. तुम्ही मला हात ठेवू दिला असता, तर तुमचा हात काढायची माझी टाप झाली नसती."

सुनेला हाक मारून गुणाजींनी देव्हाऱ्यातला नारळ मागवला आणि नीराबाईच्या ओटीत टाकला.

"मी येऊ शकत न्हाय. चालवत न्हाय," ते म्हणाले. मग थांबून म्हणाले, "जा, नीरा."

आजवर ती त्यांच्या तोंडी 'रतनची' होती.

सकाळी जेसीबी सुरू व्हायच्या आधी नीराबाई खळ्यावर गेली. चुन्याची रेघ जिथं तिच्या वलांडीखालून जात होती, तिथं तिनं मूठभर तांदूळ ठेवले, त्यावर नारळ ठेवला आणि मांडी घालून नारळावर हात ठेवला. ड्रायव्हर परमुलखातला. त्याला काही कळेना. त्यानं यंत्र बंद केलं आणि फोन लावला.

हळूहळू गाव जमलं. बायका वलांड्यांच्या मागं उभ्या राहिल्या. भागुबाई होती, गोदू होती. काळूराम काठी टेकत आला. नीराबाईनं कुणाला हाक मारली नाही. रीतच होती ती. हात ठेवणाऱ्यानं बोलायचं नसतं, बाकीच्यांनी त्याला विचारायचं असतं, की बाबा, तुला काय पटत नाही?

ती वाट बघत राहिली. कुणीही विचारलं नाही.

विनेश आला. पांढरा शर्ट, फोन खिशात. तो तिच्यापुढं उकिडवा बसला आणि हळू आवाजात बोलू लागला, इतरांना ऐकू जाणार नाही असं.

"आत्ये, ऊठ. साहेब लोक येतायत दहा वाजता. माझी इज्जत जाईल."

तिनं हात हलवला नाही.

"तुला हात ठेवता येत न्हाय. तू खोबरं खाल्लंस."

"खाल्लं," नीराबाई म्हणाली. "ते अजून घशातच हाय, विन्या. खाली गेलं न्हाय."

विनेशनं मागं वळून लोकांकडं बघितलं. कुणी हललं नाही. कुणी 'अरे, थांब' म्हणालं नाही. त्यानं क्षणभर वाट बघितली, आणि त्या क्षणात नीराबाईला वाटलं की तो उठून जाईल. ताप आला की हाच हात कपाळावर मागायचा हे पोर.

त्यानं तिचं मनगट धरलं. हात उचलला आणि तिच्या मांडीवर ठेवला. अलगद. तिनं गुणाजींचा ठेवला होता तसाच.

तिनं जोर लावला नाही. जोर लावायची रीत नव्हती.

विनेश नारळ घेऊन उठला. आता त्याचा आवाज मोठा झाला. "चला, नारळ हायच, तर मुहूर्त करून टाकू!" त्यानं जेसीबीच्या लोखंडी सुपावर नारळ आपटला. पाणी वाळूत सांडलं. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं खोबऱ्याचे तुकडे केले आणि वाटत निघाला. गोदूनं घेतलं. काळूरामनं घेतलं. भागुबाईनं घेतलं, पण तोंडात घातलं नाही, मुठीत धरून उभी राहिली. शेवटी तो आत्याकडं आला आणि तुकडा पुढं केला.

नीराबाईनं मान हलवली. वलांडीवरचे अर्धवट सुकलेले बोंबील काढून टोपलीत भरले आणि घरी गेली. तिची वलांडी दुपारपर्यंत आडवी झाली होती.

संध्याकाळी ती गुणाजींच्या ओटीवर गेली. त्यांना सगळं कळलं होतं.

"खोबरं घेतलंस?" त्यांनी विचारलं.

"न्हाय."

"मग तू बोलू शकतेस."

"कुणाशी?"

त्यावर ते थोडे हसले आणि त्यांना खोकला आला. सुनेनं पाणी दिलं. नीराबाई त्यांची पाठ चोळत बसली.

आता तिथं गाड्या लागतात. पत्र्याच्या स्टॉलांच्या रांगेत पहिल्या स्टॉलवर नीराबाईचं नाव रंगवलेलं आहे आणि त्याला कुलूप आहे. ती बोंबील घराच्या पत्र्यावर सुकवते. वारा बरा असला तर सुकतात, नाहीतर कुबट होतात. स्टॉलांच्या जागा वाटल्या त्या एकदाच वाटल्या. दसऱ्याला त्या सरकत नाहीत. दिवाळीत, शिमग्याला विनेश फराळाचा डबा पाठवतो. नीराबाई डबा घेते, रिकामा करते आणि घासून परत पाठवते, पण त्यात परत काही घालत नाही.

खळं गेलं त्याच साली मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी कोळीवाड्यातल्या घरोघरी बायकांनी कलशावर नारळ मांडले होते. नीराबाईही आपला कलश मांडत होती तेव्हा पाटलांची सून धावत आली. गुणाजी पाटील त्या दिवशी, २१ डिसेंबर २०२३ ला, दुपारच्या आधी आपल्या ओटीवर वारले.